बांबोळी जवळ, ओरोस लांब

आमच्या सिंधुदुर्गातल्या अपघाताच्या बातमीचा शेवट ठरलेला असतो. "जखमीवर प्रथमोपचार करून अधिक उपचारासाठी गोवा-बांबोळी येथे हलविण्यात आले." दोडामार्ग, बांदा, सावंतवाडी, कुठलीही बातमी घ्या. मंत्रालय मुंबईत आणि जीव वाचवायला परराज्यात. आता याचं कुणाला काही वाटतही नाही. दोडामार्गातून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज तास-दीड तासावर. जिल्हा रुग्णालय ओरोसला, जिल्ह्याच्या मध्यावर. तिकडे पोचायलाही तेवढाच वेळ, आणि डोक्याला मार असेल तर तिथून पुन्हा बांबोळीच. मग हा वळसा घालणार कोण? 2021 मध्ये ओरोसच्या मेडिकल कॉलेजला मंजुरी मिळाली, चांगलंच झालं. पण लोकांची पायवाट बदलायला बोर्ड पुरत नाही, तिथे डॉक्टर भेटतो असा अनुभव लागतो.

जानेवारी 2018 पासून गोवा मेडिकल कॉलेजने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा दोडामार्गात आंदोलन पेटलं. गोव्याला शिव्या देणारे पुष्कळ होते. मला विचाराल तर गोव्याचं फारसं चुकलं नव्हतं. (आमच्या तिळारी धरणाचं पाणी तिकडे जातं, हा मुद्दा चहाच्या टपरीवर हमखास निघतो. जातं, पण पाण्याच्या बदल्यात खाटा असं कुणी लिहून दिलं नव्हतं.) आपल्या माणसांची सोय करणं हे आपल्याच सरकारचं काम होतं.

बांबोळीला जे पोचतात त्यांची निदान बातमी तरी होते. जे घरातून निघतच नाहीत त्यांचं काय? 2016-17 मध्ये दोडामार्गातल्या केरकडे आणि पुढे बांद्याच्या परिसरात गोचिडीतून पसरणारा माकडताप आला, तो ऐन काजूच्या दिवसांत. गोचीड चावते ती काजूच्या बागेत आणि रानात, आणि वर्षाची कमाईही तिथेच. दवाखान्यात जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो, बोंडं खाली कुजतात. "ताप काय, येता नी जाता," म्हणत माणूस क्रोसिनवर दिवस काढतो आणि पार आडवा झाला की घरचे गाडी शोधायला लागतात. अशा वेळी "लोकांमध्ये जागृती नाही" असं बोलणाऱ्या साहेबांना एकदा संध्याकाळी सातनंतर वाडीवरून रिक्षा मिळवून दाखवायला सांगावं.

डोंगराळ भागात 20 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. कागदावर बरा वाटतो. पण आमच्या वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या, मध्ये व्हाळ म्हणजे ओढे, आणि एसटी दिवसातून दोनदा. आमच्या शेजारच्या काकींचंच बघा. प्रेशरची गोळी कायमची. सकाळच्या गाडीने जायचं, केसपेपर काढायचा, रांगेत बसायचं, रक्त द्यायचं. रिपोर्ट दुपारी. तोवर परतीची गाडी सुटलेली, पुढची संध्याकाळी. म्हणून काकी रिपोर्ट न घेताच घरी येतात. फुकट गोळ्यांसाठी रिक्षाला पैसे मोजायचे, वर सुनेची मजुरी बुडवायची. गोळ्या संपल्या की पुढच्या बाजारापर्यंत काकी तशाच राहतात. डॉक्टर मात्र ओरडतात, "आजी, गोळ्या का सोडल्या?"

नवीन इमारतीचं भूमिपूजन होईल तेव्हा होईल, नारळाला आपल्याकडे तोटा नाही. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. प्रेशर-शुगरच्या जुन्या पेशंटला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या आणि मधली तपासणी उपकेंद्रात करा. रिपोर्ट मोबाईलवर पाठवा. काजूच्या दिवसांत ओपीडी संध्याकाळीही उघडा. आणि आरोग्य अधिकाऱ्यांनी एसटी डेपोत जाऊन वेळापत्रक तरी मागून घ्यावं, ते फुकट मिळतं.