पांबनचा पूल गाडीतून दिसत नाही, हे खरंच आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप थोडक्यात असे: रामेश्वरच्या गाडीनं तमिळनाडूतला, रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल दोन-तीन मिनिटांत ओलांडला, पहाटेच्या अंधारात एसी डब्याच्या काचेतून काही दिसलं नाही, जहाजांसाठी पूल उघडतानाही बघायला मिळाला नाही. आणि मुंबईत 21.8 किलोमीटरचा अटल सेतू असताना दोन किलोमीटरच्या पुलासाठी अर्धा दिवस राखून ठेवायचा माझा सल्ला अवाजवी आहे. पहिल्या भागाशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही.

आधी लांबीचं बघू. अटल सेतूचा समुद्रावरचा भाग साधारण साडेसोळा किलोमीटर आहे आणि ताशी 100 च्या वेगमर्यादेत तो दहा मिनिटांत संपतो. वाटेत थांबायला मनाई, दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही, पायी जायची सोय नाही. स्थापत्य म्हणून ते मोठंच काम आहे, पण प्रवाशाला तिथून दिसतो तो रस्ता आणि कठडा. तो पूल नीट बघायचा तर हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी शिवडीच्या जेट्टीवर जावं. समोर चिखलात फ्लेमिंगो असतात आणि त्यांच्यामागे सेतू. समुद्रावरचा कुठलाही पूल त्याच्यावरून जाताना कळत नाही, तो बाजूनं बघावा लागतो. पांबनला ही बाजू आयती मिळते. रेल्वेच्या पुलाला लागूनच 1988 साली खुला झालेला, सव्वादोन किलोमीटरहून थोडा लांब असा रस्त्याचा पूल आहे. मधे तो चांगलाच उंच चढतो, त्यामुळे रेल्वेचा पूल वरून, संपूर्ण दिसतो.

आता गाडीच्या वेगाचं. 1914 च्या जुन्या पुलावर शेवटच्या काळात गाड्यांना ताशी 10 किलोमीटरचं बंधन होतं. दोन किलोमीटरला बारा मिनिटं लागायची आणि पांबनची सगळी कीर्ती त्या बारा मिनिटांवर उभी राहिली. डिसेंबर 2022 मध्ये त्या पुलावरची वाहतूक थांबली. 6 एप्रिल 2025 ला खुल्या झालेल्या नव्या पुलावर ताशी 75 ची परवानगी आहे, फक्त जहाजांसाठी वर उचलल्या जाणाऱ्या मधल्या गाळ्यावर (दोन खांबांमधल्या भागावर) 50 ची. म्हणजे तुम्ही मोजलेली दोन-तीन मिनिटं अगदी बरोबर आहेत. म्हणूनच रात्रीच्या एक्स्प्रेसनं पहाटे पोचण्यापेक्षा मदुरैहून दिवसाची पॅसेंजर घ्यावी. साध्या डब्याची खिडकी उघडते, काच आड येत नाही. पुलाअलीकडचं, मुख्य भूमीवरचं मंडपम स्टेशन सुटलं की तयारीत राहा, लगेच पाणी सुरू होतं. दारात मात्र उभं राहू नका. इथला वारा आडवा आणि झोताझोतानं येतो. जुन्या पुलावर वाऱ्याचा वेग ताशी 58 किलोमीटरच्या वर गेला की गाड्या थांबवायचे, ते उगाच नव्हे.

पूल उघडण्याबद्दल तुमची निराशा मला सर्वात जास्त पटते, कारण खरी गंमत त्यातच आहे. पण त्याचं रोजचं वेळापत्रक नसतं. छोट्या होड्या स्थिर गाळ्यांखालून निघून जातात. मोठी जहाजं आली की बंदर आणि रेल्वे मिळून दोन गाड्यांमधली वेळ ठरवतात. जुन्या पुलाचे दोन पंख माणसं हातानं यंत्र फिरवून वर करायची. नव्या पुलाचा 72.5 मीटरचा अख्खा गाळा आडवाच्या आडवा 17 मीटर वर जातो. दोन्ही टोकांच्या मनोऱ्यांवरून दोरखंड जातात आणि त्यांच्या दुसऱ्या टोकाला प्रतिभार असतो. विहिरीच्या रहाटाला बादलीइतकंच वजन पलीकडे बांधावं तसं. त्यामुळे मोटारला सहाशेहून जास्त टनांचा गाळा उचलायचा नसतो, बहुतांशी घर्षणावर मात करायची असते. रामेश्वरला मुक्काम असेल तर आदल्या संध्याकाळी पांबनच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना विचारा. खोल पाण्यात जहाजं नांगर टाकून थांबलेली दिसली तर उघडण्याची शक्यता असते. जोराचा वारा असेल तर आशा सोडा.

रस्त्याच्या पुलावर गाडी थांबवून फोटो काढणारे पुष्कळ दिसतील. तसं करू नका, त्यानंच तिथे कोंडी होते आणि पोलीस हुसकावतात. रामेश्वर ते पांबन साधारण बारा किलोमीटर आहे. बसनं किंवा रिक्षानं पांबनच्या टोकाला उतरा आणि कठड्याकडेच्या अरुंद पट्टीवरून चालत मध्यापर्यंत जा. जाऊन-येऊन पाऊण तास पुरतो. येणाऱ्या गाडीची वेळ आधी बघून त्यापूर्वी वीस मिनिटं तरी पोचा. टोपी सैल नको, मोबाईल कठड्याबाहेर धरू नका. त्यानंतर खाली होड्या लागतात तिथे उतरून मनोरे पाण्याच्या पातळीवरून बघा. एवढ्यात दोन-अडीच तास जातात.

अर्ध्या दिवसातला उरलेला वेळ रामेश्वर बेटाच्या टोकाला असलेल्या धनुष्कोडीसाठी आहे, आणि ते ठिकाण पुलापासून वेगळं काढता येत नाही. 22-23 डिसेंबर 1964 च्या रात्री चक्रीवादळानं धनुष्कोडी गाव, तिथे पोचत आलेली पॅसेंजर गाडी आणि पांबन पुलाचे बहुतेक गर्डर (खांबांवरच्या लोखंडी तुळया) एकाच तडाख्यात नेले. रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली पूल 46 दिवसांत पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडीचा लोहमार्ग मात्र पुन्हा कधी झाला नाही. तिथले स्टेशनचे आणि चर्चचे अवशेष बघितल्यावर नव्या पुलात गंजरोधक सळया आणि खास रंग का वापरलाय, तो जुन्यापेक्षा 3 मीटर उंच का बांधलाय, हे वेगळं सांगावं लागत नाही. संध्याकाळी तिकडे सोडत नाहीत, म्हणून धनुष्कोडी दुपारी उरकून पुलावर उन्हं कलताना यावं.

जानेवारी ते मार्च हा काळ सोयीचा. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पावसाचा असतो, तेव्हा वाऱ्यापायी किंवा गाळा खाली यायला उशीर झाल्यामुळे गाड्या मंडपम-रामनाथपुरमकडे अडकू शकतात. मदुरैहून विमान किंवा पुढची गाडी असेल तर मधे किमान पाच-सहा तास मोकळे ठेवा, आणि अडकलात तर रामेश्वरहून रस्त्यानं मदुरै साधारण 170 किलोमीटर आहे.