‘तीन खेपा, तीन बिलं, गाडी तरीही बंद’ या तक्रारीला गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमची तक्रार काल रात्री वाचली. आज शटर उघडल्यावर पहिलं काम केलं ते तुमच्या गाडीची तिन्ही जॉब कार्डं शोधून काढायचं. एकच स्टार दिलात, त्यावर माझी हरकत नाही. इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: सेकंडहँड घेतलेली जुनी पेट्रोल गाडी चालता चालता बंद पडायची. आमच्याकडे तीनदा आणली. आम्ही थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केला, त्याने उलट आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, वाढले; प्लग बदलले, फ्युएल फिल्टर बदलला, दर वेळी बिल केलं आणि गाडी पुन्हा बंद पडली. शेवटी दुसऱ्या मेकॅनिकने एक सेन्सर बदलला आणि दुखणं गेलं. वर आम्ही टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा रबरी पट्टा) आणि इंजिन माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते) यांची भीती घातली. ‘हे पार्ट बदलणारे आहेत, मेकॅनिक नाहीत,’ असं तुम्ही लिहिलंय.

ते वाक्य झोंबलं. निम्मं खरं आहे म्हणून जास्त झोंबलं.

पहिल्या खेपेचं काम मी आजही योग्यच म्हणेन. तेव्हा गाडी सिग्नलला उभी राहिली की थरथरायची आणि एसी लावला की बंद पडायची. थ्रॉटल बॉडी आतून काळीकुट्ट होती. झडपेच्या कडेला कार्बन साचला की आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालू राहायला, लागणारी हवा कमी पडते, आणि एसीचा कॉम्प्रेसर लागला की तो भार इंजिनला पेलवत नाही. दोन प्लगची टोकंही झिजली होती. साफसफाईनंतर आठ दिवस गाडी नीट चालली, हे तुम्हीच दुसऱ्या खेपेला सांगितलंत.

साफ केल्यावर आरपीएम वाढले, हे मात्र तुमचं बरोबर आहे. ती खराबी मुद्दाम केली नव्हती, पण काम अर्धवट राहिलं होतं. कार्बन साचत जातो तसा इंजिनचा कॉम्प्युटर झडप थोडी जास्त उघडी ठेवायला शिकतो. कार्बन निघाला तरी त्याची सवय तीच राहते, मग हवा जास्त जाते आणि ७५०-८०० वर राहणारा काटा हजाराच्या वर जातो. स्कॅनर (तो कॉम्प्युटर वाचणारं यंत्र) लावून ते रीसेट करायला हवं होतं. आमच्याकडून राहिलं आणि तुम्हाला कोणी सांगितलंही नाही.

खरी चूक दुसऱ्या खेपेला झाली. या वेळी गाडी सिग्नलला नाही, चढावर, चालत्या वेगात बंद पडली होती. सेल्फ फिरत होता, इंजिन उचलत नव्हतं. वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी चालू झाली. हे सगळं तुम्ही काउंटरवरच्या मुलाला सांगितलंत. त्याने कार्डावर तीन शब्द लिहिले: ‘गाडी बंद पडते’. मी कार्ड वाचलं, तुम्हाला फोन केला नाही, मागचंच दुखणं समजलो आणि पेट्रोल कमी पोचत असेल म्हणून फिल्टर बदलला. फिल्टर जुना होता, पण दुखणं तिथे नव्हतं.

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, एवढं ऐकलं असतं तरी पहिला संशय क्रँक सेन्सरवर गेला असता, त्या मेकॅनिकने बदलला त्यावरच. क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, तो फिरतोय हे हा सेन्सर सांगतो. जुन्या गाड्यांत या सेन्सरच्या आत बहुतेकदा बारीक तारेची कॉइल असते. जुनी झाली की गरम असताना ती आतून तुटते आणि थंड झाली की पुन्हा जुळते. क्रँक फिरतोय हे कॉम्प्युटरला कळलं नाही, तर तो स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. बऱ्याचदा कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोडही पडत नाही, कारण सिग्नल गेला म्हणजे इंजिन थांबलं, एवढंच तो समजतो. गाडी बंद असतानाच सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम बघायचे. इंजिन फिरतंय आणि आकडा शून्य, तर बहुतेक सेन्सर किंवा त्याचं वायरिंग.

तिसऱ्या खेपेला आम्ही गाडी दिवसभर ठेवली. स्कॅनर लावला, कोड नव्हता. अर्धा तास आयडलवर चालू ठेवली, बंद पडली नाही, म्हणून परत दिली. आणि चालू ठेवली ती बॉनेट उघडं टाकून! उघड्या बॉनेटखाली ती गरमी साचतच नाही. बॉनेट लावून, एसी चालू ठेवून, चढावर तासभर ट्रायल घ्यायला हवी होती. आमच्या डोळ्यांसमोर ती एकदाही बंद पडली नव्हती, आणि तरी आम्ही ‘झालं’ म्हणून चावी हातात दिली. यासाठी मनापासून माफी मागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेची मजुरी आणि फिल्टरचे पैसे परत देतोय, बिलावरच्या नंबरवर एक फोन करा. पहिल्या बिलाचे देणार नाही, ते काम लागणारच होतं.

टायमिंग बेल्टवर मात्र मी मागे हटणार नाही. बेल्ट कधी बदलला याचा कागद आधीच्या मालकाकडून तुम्हाला मिळालेला नाही. गाडी कमी चालली असली तरी रबर वयानेही सुकतं, आणि तुमच्या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. मग इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, खोलावा लागतो. आमच्याकडे नको तर सेन्सर बदलला त्यांच्याकडे करा, पण करा. इंजिन माउंटिंगची घाई नाही. त्याने गाडी थरथरते, बंद पडत नाही. मुलाने दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या, म्हणून तुम्हाला ती भीती घालणं वाटलं असेल.

अजून एक. तिसऱ्या कार्डावर ‘टॅपेट कव्हर पॅकिंग, ऑइल गळती’ असं माझ्या अक्षरात आहे, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून तेल गळतंय. ते तेल ओघळत खाली सेन्सरच्या कनेक्टरपर्यंत जातं. नवा सेन्सर बसवताना पॅकिंग बदललं का, कनेक्टरचं लॉक धड आहे का आणि वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधली आहे का, एवढं विचारून घ्या. आणि चालत्या गाडीत इंजिन पुन्हा कधी बंद पडलंच, तर ब्रेक पंप करू नका. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो, तेव्हा एकदाच ठाम दाबून धरा. स्टीअरिंग जड होईल, दोन्ही हातांनी ओढा. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नका, स्टीअरिंग लॉक होईल.

तुमचा जुना सेन्सर त्या मेकॅनिककडे अजून पडलेला असेल तर मला हवाय. हीट गन लावून त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) कसा उडतो ते काउंटरवरच्या मुलाला दाखवायचंय.