अशांती, कोको आणि तो फिरणारा फॉरवर्ड

परत तोच फॉरवर्ड फिरतोय. दावा थोडक्यात असा, की घानातले अशांती लोक वर्षभर ढोल बडवत, नाचत, नरबळी देत बसायचे, मग इंग्रजांनी ही थेरं बंद केली, हातात कोकोचं रोप दिलं आणि तेव्हा कुठे ते कामाला लागले, शिवाय लोक खुशही होते. एकेक घेऊया.

"कोको इंग्रजांनी दिला." नाही हो. टेटे क्वार्शी नावाचा किनाऱ्याकडचा लोहार, फर्नांडो पो बेटावर (ते तेव्हा स्पेनकडे होतं) कामाला गेलेला, १८७९ च्या सुमारास बिया घेऊन आला आणि त्या त्याने माम्पाँगला लावल्या. सरकारने अबुरीच्या बागेतून रोपं दिली, १९०३ ला अशांतींची राजधानी कुमासीपर्यंत रेल्वे आली, तेवढं क्रेडिट देऊन टाका. पण जंगल साफ करून झाडं लावली ती आफ्रिकन शेतकऱ्यांनी स्वतःच्या हिशोबाने, आधी केळी आणि कंद लावायचे म्हणजे कोवळ्या रोपाला सावली आणि घरात खायलाही. १८९१ ला गोल्ड कोस्टची (घानाचं तेव्हाचं नाव) पहिली निर्यात ८० पौंड वजनाची, १९११ ला जगात पहिला नंबर, साधारण ४० हजार टन! ज्यांना म्हणे कामाची सवय नव्हती त्यांनी वीस वर्षांत हे केलं.

"वर्षभर नाचगाणं." त्यांचा अडाए हा पूर्वजांचा सण ४२ दिवसांच्या चक्रात दोनदा येतो, एक रविवारी एक बुधवारी. सकाळी गावचा प्रमुख हा पूर्वजांच्या काळ्या आसनांपुढे कुस्करलेला याम (एक कंद) आणि दारू ठेवतो, मग छत्र्यांखाली दरबार, ढोल, भेटीगाठी. शिवाय गुरुवारी जमीन खणायची नाही कारण तो भूमीचा, म्हणजे 'असासे या' या देवीचा वार. आपल्याकडे सणवार कमी आहेत का?

नरबळीचं मात्र झाकून ठेवत नाही, राजाच्या मृत्यूनंतर आणि ओडविराच्या वार्षिक सणात माणसं मारली जायची, हे खरं आहे. पण म्हणून इंग्रज तिथे समाजसुधारणेला गेले होते असं कोणी सांगू नये. १८७४ ला त्यांनी कुमासी जाळली, १८९६ ला राजा प्रेम्पेला पकडून आधी सिएरा लिओन मग सेशेल्सला धाडलं, १९०० मध्ये गव्हर्नर हॉजसनने बसायला अशांतींचं पवित्र सोन्याचं आसनच मागितलं (ज्यावर त्यांचा स्वतःचा राजाही बसत नाही!) आणि राजमाता 'या असांतेवा' हिच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं. प्रेम्पे परतला थेट १९२४ ला.

आता सगळ्यात मोठी गफलत. फॉरवर्ड म्हणतो विधी सुटले म्हणून शेती आली, अरे पण कोकोची जमीनच त्या आसनांच्या, म्हणजे प्रमुखपदाच्या नावावर! बाहेरून आलेला शेतकरी प्रमुखाला कोकोतला वाटा द्यायचा, त्यातून दरबाराचा खर्च निघायचा, आणि प्रमुखांचे जमिनीचे खटलेही, जे काही कमी नव्हते. हे सगळं गोड होतं असंही नाही. बायको नवऱ्याच्या मळ्यात वर्षानुवर्षं राबायची आणि तो मेला की मळा जायचा त्याच्या भावाला किंवा भाच्याला, कारण वारसा आईकडून. याच्याबद्दल फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

शेवटचा मुद्दा, "लोक खुश होते". १९३७ ला युरोपियन कंपन्यांनी कोको खरेदीचा आपसात करार केला, भाव पाडायला म्हणून. शेतकऱ्यांनी माल विकायचंच बंद केलं, विलायती सामानावर बहिष्कार टाकला, गावोगाव दवंडी पिटली ती प्रमुखांनी. १९३८ च्या एप्रिलपर्यंत हे चाललं आणि लंडनने नेमलेल्या नोवेल कमिशनलाच म्हणावं लागलं की कंपन्यांनी तो करार मागे घ्यावा.