सेलवर छापलेलं ९९०० खोटं आहे

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. टॉर्चसाठी १८६५० हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल घ्यायचा तर ९९०० एमएएच क्षमतेचाच घ्या, तो तिप्पट चालतो. प्रोटेक्शनवाला सेल म्हणजे पैसे उकळणं. सेल पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नका. आणि जुन्या लॅपटॉपमधले सेल फुकटात मिळतात, तेच वापरा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच सविस्तर लिहितोय.

आधी ते ९९००. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. एवढ्याशा नळकांड्यात नामांकित कंपन्यांचीही मजल साधारण ३५०० एमएएचपर्यंतच जाते. असला ९९०० वाला सेल मीही घेतला होता. गुंजवण्यातून राजगडला चोर दरवाज्याने चढताना, नेमका रेलिंगच्या टप्प्यावर, टॉर्च विझला. पुढच्याच्या उजेडात पाय चाचपत वर गेलो. घरी येऊन सेल स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, तर २९ ग्रॅम! चांगला सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. पुण्यातल्या तापकीर गल्लीत सेल घ्यायला जाल तेव्हा छोटा डिजिटल काटा खिशात असू द्या. वजन बरोबर भरलं म्हणजे सेल अस्सलच असं नाही, पण हलका निघाला तर तिथेच परत करा.

प्रोटेक्शन म्हणजे सेलच्या बुडाशी बसवलेलं छोटं सर्किट. व्होल्टेज फार खाली गेलं किंवा शॉर्ट झालं की ते करंट तोडतं. टॉर्चमध्येच तशी सोय असेल तर साधा सेल चालतो. पण एकामागे एक दोन सेल लागणाऱ्या टॉर्चमध्ये कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा ओढतो. तिथे प्रोटेक्शन हवंच, आणि दोन्ही सेल एकाच वेळी घेतलेले हवेत. सर्किटमुळे लांबी वाढते, तेवढी टॉर्चमध्ये बसते का बघा.

पूर्ण संपवून चार्ज करणं ही निकेल-कॅडमियमच्या काळातली सवय. लिथियम-आयनला ती मारकच. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून ठेवा.

लॅपटॉपचे सेल अस्सल असतात, पण थकलेले. वर्षानुवर्षं पडून २ व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. शिवाय पॅक फोडताना वेष्टन फाटतं. सेलचं अख्खं पत्र्याचं अंग ऋण असतं, अगदी धन टोकाच्या कडेपर्यंत. तिथे वेष्टन नखाएवढं जरी फाटलेलं असलं आणि खिशात किल्ल्यांचा जुडगा असला, तरी शॉर्ट होऊन मांडी भाजू शकते. सेल प्लास्टिकच्या डबीतच न्या.