गिझर हैदराबादला, मालक सोलापूरला

सोलापुरात चार पैसे साठले की ते ठेवायच्या जागा ठरलेल्या असतात. एक तर जुळे सोलापूरच्या पुढं प्लॉट, नाहीतर पुण्यात फ्लॅट. प्लॉटवर भावाच्या आधी बाभळी वाढतात आणि पुण्याचा फ्लॅट हल्ली फक्त ब्रोशरमध्ये परवडतो. मग टपरीवरचा कोणीतरी जाणकार बशीत चहा ओतत सांगतो, "मालक, हैदराबादला एक टाकून द्या की. पुणं अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. पन्नास किलोमीटरनं काय होतंय?"

त्या पन्नास किलोमीटरांत दोन राज्यांच्या सीमा लागतात, एवढंच होतंय. उमरगा सोडलं की कर्नाटक, हुमनाबाद मागं पडलं की तेलंगण. भाषेचं एक वेळ भागतं. शहराच्या तेलुगूभाषक पूर्व भागात वाढलेल्याला तेलुगू येतं, अक्कलकोटकडच्याला कन्नड येतं, आणि दोन्ही न येणाऱ्याला हिंदी बोलायची हिंमत तरी असते. पण दस्त, मोजमाप आणि मुद्रांक यांच्याशी हिंमतीनं बोलून चालत नाही.

पहिला फटका मोजमापाचा. आपण गुंठ्यात विचार करणारी माणसं. तिकडं जमीन गजात मोजतात. एक गज म्हणजे ९ चौरस फूट, आणि आपला १०८९ फुटांचा गुंठा म्हणजे १२१ गज. हे पाठ करून जावं, कारण तिकडच्या फ्लॅटच्या दस्तात एक ओळ असते जी आपल्याकडं सहसा कोणी वाचत नाही: जमिनीतला अविभाजित हिस्सा, अमुक गज. तिकडचे दलाल त्याला नुसतं 'यूडीएस' म्हणतात. महाराष्ट्रात जमीन कन्व्हेयन्स (मालकी हस्तांतराचा दस्त) होऊन सोसायटीच्या नावावर यावी अशी पद्धत आहे (येते कधी, तो वेगळा लेख). तिकडं प्रत्येक फ्लॅटवाल्याच्या दस्तातच जमिनीचा तुकडा लिहून मिळतो. उद्या इमारत पाडायची वेळ आली तर तुमचं जे काही उरणार ते एवढंच.

त्यामुळं गणित करा. एकर म्हणजे ४८४० गज. एकरावर सारखे शंभर फ्लॅट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला ४८ गज यायला हवेत. दस्तात ३० दिसले तर उरलेले १८ कुठं गेले ते विचारायचं. रस्त्याला किंवा बागेला जागा सोडली असेल तर तसा कागद दाखवतील. नुसतं हसले तर गाडीत बसायचं आणि झहीराबादमार्गे घरच्या दिशेनं निघायचं.

फ्लॅटचं क्षेत्रफळ हा आणखी एक प्रकार. जाहिरातीत १३०० फूट असतात. हे सुपर बिल्ट-अप. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी आणि क्लबहाऊसमधला तुमचा वाटा आला. रेराच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणं कार्पेट क्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, सांगावंच लागतं. ते मागितलं की आकडा नऊशेच्या घरात येतो. मेंटेनन्स मात्र बहुतेक ठिकाणी १३०० वर आकारतात. म्हणजे जलतरण तलावातल्या तुमच्या मालकीच्या दोन बादल्यांचं भाडं तुम्हीच दर महिना भरता आणि पोहतो भाडेकरू.

तलावावरून आठवलं. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर वाढलेल्या माणसाला 'लेक व्ह्यू' म्हटलं की भरून येतं. हैदराबादेत हे दोन शब्द ऐकले की आधी नकाशा मागवावा. तिथं शेकडो तलाव, आणि प्रत्येकाची पूर्ण भरल्यावरची पाण्याची रेषा ठरलेली. त्या रेषेच्या आत आणि तिच्याभोवतीच्या राखीव पट्ट्यात बांधकाम चालत नाही. जुलै २०२४ मध्ये तेलंगण सरकारनं 'हायड्रा' नावाची यंत्रणा उभी केली आणि तिचे बुलडोझर अशा बांधकामांवर फिरले. बाल्कनीतून तलाव दिसतो ही चांगली गोष्ट. तलावाला आपली बाल्कनी स्वतःच्या हद्दीत दिसते का, तेवढं आधी बघावं.

मग कागद. आपल्याकडं वकील सर्च रिपोर्ट काढतो, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला दस्ताचा उतारा) बघतो. तिकडं सगळं 'ईसी'भोवती फिरतं: या मिळकतीवर कोणते व्यवहार, कोणते बोजे नोंदले गेले त्याचा दाखला. तो तेरा वर्षांचा काढून समाधान मानणारे असतात. तीस वर्षांचा काढा. ईसीत फक्त नोंदलेलं दिसतं, त्यामुळं ती स्वच्छ आहे म्हणून मालकी स्वच्छ आहे असं समजू नका. सोबत जुन्या दस्तांची अख्खी साखळी हवी, तिकडच्या भाषेत 'लिंक डॉक्युमेंट्स'. साखळीत कुठं नुसतं कुलमुखत्यारपत्रावर घर 'विकलेलं' दिसलं तर थांबा. मुखत्यारपत्राच्या विक्रीनं मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्येच सांगून टाकलंय. मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला), घरपट्टीची पावती, विजेचं बिल आणि असोसिएशनचं येणं-बाकी नसल्याचं पत्र हेही लागतंच. बँकेचा वकील बघतोय की, असं म्हणून निवांत बसू नये. तो बँकेसाठी बघतो. स्वतःचा वकील वेगळा करा, तिथलाच. सोलापूरचा वकील कितीही जवळचा असला तरी तेलुगूतला जुना दस्त त्याला पूर्व भागातल्या कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागेल.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का कर कापून सरकारजमा करायचा असतो, आणि तो कापायची जबाबदारी घेणाऱ्याची. हैदराबादेत आणखी एक मेख आहे. घर विकणारा पुष्कळदा अमेरिकेत असतो. परदेशस्थ विक्रेत्याला १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. कपात बरीच मोठी असते आणि पद्धतही निराळी. हे टोकन दिल्यावर कळून उपयोग नाही. म्हणून 'मालक कुठं असतात?' हा आपला सोलापुरी चौकसपणाचा प्रश्न इथं बिनदिक्कत विचारावा.

आता हिशेब. ७० लाखांचा फ्लॅट आणि २२ हजार भाडं धरू. मुद्रांक, हस्तांतर आणि नोंदणी मिळून साडेसात टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. महाराष्ट्रात नोंदणी फी ३० हजारांवर थांबते, म्हणून आपल्या डोक्यात कायम कमी आकडा असतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळायच्या आधी बिल्डरकडून घेतलं तर वर ५ टक्के जीएसटी. बँक ८० टक्के कर्ज देईल, पण घराच्या किमतीच्या; मुद्रांकाचे पैसे ती त्यात धरत नाही. कपाटं आणि मॉड्युलर किचनशिवाय बरा भाडेकरू येत नाही, त्याचे तीन लाख. झाले सव्वाबावीस लाख खिशातून, आणि ५६ लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४८,६०० च्या आसपास बसतो. भाडं २२ हजार. 'भाड्यातून हप्ता फिटतो' हे वाक्य पहिल्यांदा कोणी उच्चारलं त्याला शोधून या आकड्यांसमोर बसवायला हवं.

कर्जाशिवाय घेतलं तरी बघा. वर्षाचं भाडं २,६४,०००. एक महिना घर रिकामं: २२ हजार गेले. दलालाचे ११ हजार, घरपट्टी ६ हजार धरू, रंग-दुरुस्ती २० हजार, चावी सांभाळणाऱ्याचे १२ हजार. मेंटेनन्स भाडेकरू भरतो असं धरलं तरी हातात १,९३,००० उरतात. घातलेत सव्वाअठ्ठ्याहत्तर लाख. पडलं अडीच टक्के. बँकेची मुदत ठेव यापेक्षा जास्त देते आणि मुदत ठेवीचा गिझर बिघडत नाही. उरते ती भाव वाढण्याची आशा, आणि दरवर्षी भाडं थोडं वाढतं तेवढा आधार. प्राप्तिकरात घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून सरसकट ३० टक्के सूट मिळते, व्याजही वजा होतं. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगारातून वळता करता येत नाही. त्यामुळं 'टॅक्स वाचतो' म्हणणाऱ्याला आधी कुठली प्रणाली ते विचारा.

एवढं होऊनही घ्यायचंच असेल तर माझं मत असं की फ्लॅट नंतर शोधावा, आधी तिथला माणूस शोधावा. आत्येभाऊ नको. आत्येभाऊ फुकट काम करतो, म्हणून त्याला दोनदा फोन करता येत नाही. पैसे घेऊन काम करणारा हवा: चावी ठेवेल, भाडेकरू दाखवेल, तीन महिन्यांनी एकदा आत जाऊन मोरीचा, सिंकखालचा आणि छताच्या कोपऱ्यांचा व्हिडिओ पाठवेल. त्याला मुखत्यारपत्र द्यायचंच झालं तर विशिष्ट कामापुरतं द्या: भाडेकरार, पोलीस पडताळणी, असोसिएशनची पत्रं. विकण्याचा, गहाण टाकण्याचा शब्दही त्यात नको. आणि घर निवडताना त्यालाच विचारा, असोसिएशन बॅचलर पोरांना राहू देतं का, दार कुठल्या दिशेला आहे. तिकडं पूर्वाभिमुख दाराला भाव असतो. ईशान्येला संडास असलेलं घर तुम्हाला स्वस्तात मिळेल आणि पुढं भाडेकरूलाही ते स्वस्तातच हवं असेल.

आता खरी परीक्षा. रविवारी सकाळी साडेसात. फोन. "अंकल, गीजर में पानी गरम नै होरा."

सोलापूरच्या माणसाला नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येण्याची सवय. पाणी आहे आणि वर ते गरम नाही, ही तक्रार त्याला आधी समजतच नाही. समजल्यावर तो म्हणतो, "बटन बंद करके चालू करो." हा उपाय तीन दिवस टिकतो.

होतं असं. बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार तापताना एलिमेंटवर पांढरा थर धरतात. थर जाडावला की उष्णता पाण्यात उतरत नाही, एलिमेंट आतल्या आत तापत राहतं आणि थर्मल कटआउट, म्हणजे फार तापल्यावर वीज तोडणारं बटन, पडतो. प्लंबर येतो, झाकण उघडतो, कटआउट दाबतो, दोनशे रुपये घेतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला एलिमेंट जळलेलं असतं आणि तो फोनवर सांगतो, "पूरा गीजर बदलना पडता साब." इथं मालकानं शांतपणे म्हणावं, एलिमेंट बाहेर काढ आणि व्हिडिओ पाठव. चुन्याची कांडी झालेलं एलिमेंट दिसलं तर तेवढंच आणि त्याच्याजवळची मॅग्नेशियमची दांडी बदलायची. टाकीच गंजून गळत असेल तरच नवा गिझर. वर्षातून एकदा टाकी रिकामी करून थर काढून घेतला की हे सगळं नाटक टळतं. फुकटात सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यांना हे सांगू नका, ते सोलर बसवा म्हणतील.

गळती याहून वाईट, कारण तिची तक्रार खालच्या मजल्यावरून येते आणि खालच्या मजल्याशी तुमचा करार नसतो. जुना फ्लॅट घेताना मोरीच्या जाळीला बोळा लावून इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा, चोवीस तासांनी पाणी किती उतरलं ते बघा आणि खालच्यांचं छत बघून या. विकणारा नाक मुरडेल. मुरडू दे.

भाडेकराराबाबत महाराष्ट्राची सवय तिकडं नेऊ नका. आपल्याकडं लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कितीही मुदतीचा करार असला तरी सक्तीची, आणि जबाबदारी मालकाची. तिकडं बरेच जण अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पपेपरवर करून नुसता नोटरी करतात. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे ध्यानात असू द्या. 'वाद झाल्यास सोलापूर न्यायालय' असं मोठ्या हुशारीनं लिहिणारे आहेत. घर खाली करून घ्यायचा दावा घर जिथं आहे तिथल्याच कोर्टात चालतो. पाचशे रुपयांच्या आतली दुरुस्ती भाडेकरूची, वरची मालकाची, अशी एक ओळ मात्र जरूर घाला. तिच्यामुळं बल्ब, जाळी आणि नळाचा वॉशर हे तीन फोन कायमचे बंद होतात.

भाडेकरू जाताना महिनाअखेरीस स्वतः जा. विजेच्या मीटरचा फोटो काढा, बिल भरून घ्या, असोसिएशनची बाकी विचारा, खिळ्यांची भोकं मोजा आणि रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे की नाही ते तिथंच, समोरासमोर ठरवा. फोनवर ठरवलेलं पुढं दोघांना वेगवेगळं आठवतं. सगळ्यात शेवटी चाव्या मोजा. किती दिल्या होत्या हे करारात लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर नवं कुलूप बसवा. त्यासाठी सुतार लागतो, आणि तुम्ही ज्या रविवारी गेलात त्या रविवारी तो येत नाही.