खुलासा : मर्टलची भूमिका शाळकरी मुलीने केलेली नाही

हॅरी पॉटरच्या चित्रपटांत बाथरूममध्ये हुंदके देत फिरणारी मोनिंग मर्टल, म्हणजे एका शाळकरी मुलीचं भूत, तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने साकारली, असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. ती भूमिका स्कॉटिश अभिनेत्री शर्ली हेंडरसन यांची. त्यांचा जन्म १९६५चा, फॉरेस गावचा. २००२च्या चित्रपटाचं चित्रीकरण झालं तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या.

दोन वेण्या, जाड चष्मा, रडता रडता मध्येच चिरकणारा आवाज. फसगत होणं साहजिकच. पण तो आवाज कमावलेला आहे. लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य विद्यालयात त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं. 'टॉप्सी-टर्व्ही' या चित्रपटातली गाणी त्या स्वतः गायल्या, तर २०१८ साली संगीत नाटकातल्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा मानाचा पुरस्कारही त्यांनी मिळवला. 'ट्रेनस्पॉटिंग', 'ब्रिजेट जोन्स' यांतही त्याच आहेत, आणि 'स्टार वॉर्स'मधल्या चिमुकल्या बाबू फ्रिकचा आवाजही त्यांचाच.

इतक्या वर्षांची मेहनत कुणा अनाम मुलीच्या नावावर जमा होणं मला खरोखर खटकतं. तो मजकूर कुणी पाठवला, तर त्यांना शर्लीबाईंचं नाव आवर्जून कळवा.