उपवास चुकला म्हणून नीतिमत्त्व बुडत नाही

‘नीतिमान ठरण्याच्या पाच अटी’ हा संदेश सध्या ख्रिस्ती मंडळींत फोनवरून फिरतो आहे. उपवास करा, रविवारची उपासना चुकवू नका, दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, पूर्ण द्या, डोक्यावर पदर घ्या. आणि पाचवी, ‘नुसता विश्वास पुरतो’ ही सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने काढलेली पळवाट मानू नका. यातलं एक जरी चुकलं तरी देव तुम्हाला नीतिमान, म्हणजे त्याच्या नजरेत निर्दोष, गणत नाही, असं खाली ठळक अक्षरांत.

माझ्या मावशीला मधुमेह आहे. हा संदेश वाचून तिने तीन दिवस सकाळचं खाणं सोडलं. चौथ्या दिवशी तिच्या हातात पाण्याचा पेला ठरेना. मला म्हणाली, “आजवर कधी उपवास केला नाही. माझं काहीच जमेस धरणार नाही का रे देव?”

म्हणून उपवासाचंच आधी बोलतो. आठवड्यातून दोनदा उपवास आणि सगळ्या मिळकतीचा दशांश, हा हिशेब शुभवर्तमानात देवासमोर कोण मांडतो? लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला. नीतिमान ठरून घरी जातो तो मात्र दूर उभा राहून ऊर बडवणारा, लोकांनी पापी ठरवलेला जकातदार. हा निकाल खुद्द प्रभूचा आहे. दशांशाची अटही इथेच निकालात निघाली.

आता मुळाशी जाऊ. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून गणला गेला तो बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात. देवाशी झालेल्या कराराची खूण म्हणून त्याची सुंता झाली सतराव्यात, वयाच्या ९९व्या वर्षी. मध्ये सोळाव्यात त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा तो ८६ वर्षांचा होता. म्हणजे बाह्य खूण यायच्या निदान तेरा वर्षं आधीच तो नीतिमान गणला गेलेला! रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पहिल्या शतकातला प्रेषित पौल नेमकं हेच विचारतो: तेव्हा त्याची सुंता झाली होती की नव्हती? मजुराला मिळते ती मजुरी, ते त्याचं हक्काचं देणं. नीतिमत्त्व तसं मिळत नाही, असंही तो तिथेच सांगतो. मग ल्यूथरच्या कित्येक शतकं आधीचं हे लिखाण ल्यूथरची पळवाट कसं? आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गला रोमन कॅथोलिक चर्च आणि ल्यूथरची परंपरा मानणाऱ्या मंडळींचा लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेने, विश्वासाने, आपल्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, असं दोघांनी मिळून म्हटलं आहे.

संदेशात नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा आधार दिलाय, तो मान्य करावा लागतो. क्रियांवाचून विश्वास निर्जीव, हे त्याने लिहिलंच आहे. पण त्याने दिलेलं उदाहरण वाचा: उघड्या, उपाशी भावंडाला काहीही न देता ‘सुखाने जा’ म्हणणारा माणूस. तिथे उपवासाचा किंवा हजेरीचा उल्लेख नाही. विश्वास जिवंत असेल तर हात आपोआप पुढे होतो, एवढंच त्याचं म्हणणं.

उपासनेला जावं, जरूर जावं. पण अंथरुणाला खिळलेल्याची गैरहजेरी मांडणारी वही देवाकडे असल्याचं मला शास्त्रात कुठेच आढळलं नाही. पदराचा वाद पौलाने पत्र लिहिलेल्या करिंथ शहरातल्या मंडळीच्या उपासनेच्या शिस्तीचा, त्याचा नीतिमान ठरण्याशी संबंध नाही.

मावशीला मी रोमकरांसचा चौथा अध्याय मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा. मग तिने खाल्लं आणि गोळी घेतली.